पाण्यात भरदार राहणारी फ्लाय: कर्ली खाडीतील एका प्रकरणाचा अभ्यास

फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसे बांधून केलेले खोटे भक्ष्य. मोठ्या माशाला मोठे भक्ष्य दाखवायचे म्हणून फ्लाय मोठी बांधायची, आणि मोठी बांधायची म्हणून केस, पिसे व चकचकीत धागे वाढवत न्यायचे, ही वाट बहुतेक सगळेच धरतात. मालवणजवळच्या देवबागच्या एका तरुण गरवणाऱ्यानेही (गळाने मासे धरणाऱ्यानेही) हीच वाट धरली होती. त्याने बांधलेली फ्लाय टेबलावर वीतभर लांब आणि चांगली जाडजूड दिसे. खाडीत पडून ओढली जाऊ लागली की तिची जाडी बोटभरही उरत नसे. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की, फ्लायचा भरदारपणा साहित्याच्या प्रमाणातून येत नाही, त्या साहित्याला आतून मिळालेल्या टेकूतून येतो, ही गोष्ट त्यात अगदी उघडपणे दिसून आली. शिवाय परदेशी पुस्तकांत सांगितलेले साहित्य आपल्याकडे मिळत नसल्यामुळे तो टेकू इथल्याच वस्तूंतून उभा करावा लागला.

पार्श्वभूमी

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. मुखापासून नेरूरपारच्या पुलाकडे जाताना खाडीच्या काठांना जागोजागी कांदळवन आहे. भरतीला पाणी कांदळाच्या मुळांत शिरते आणि सुकतीला तेच पाणी लहान लहान वहाळांवाटे खाडीत परत येते. त्या पाण्याबरोबर बोय, काळुंदर, कोळंबी बाहेर पडतात आणि वहाळांच्या तोंडाशीच तांबोशी आणि जिताडा दबा धरून असतात. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच मालवणी मुलखातला चोणक. हा मासा भक्ष्याचे लचके तोडत नाही. तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो आणि अख्खे गिळतो. वीतभर बोय त्याच्या दृष्टीने काही मोठा घास नव्हे.

पाऊस संपल्यानंतरही खाडीचे पाणी बराच काळ गढूळ राहते. अशा पाण्यात माशाला भक्ष्याचे खवले किंवा रंगछटा फारशा दिसत नाहीत. त्याला दिसते ती वरच्या उजेडावर उमटलेली काळी आकृती, आणि जाणवते ते त्या आकृतीने बाजूला सारलेले पाणी. पाण्याची हालचाल टिपणारी चोणकाच्या अंगावरची रेषा थेट शेपटीच्या पंखापर्यंत गेलेली असते. फ्लाय भरदार हवी असा आग्रह धरायचा तो यासाठी. बारीक फ्लाय रंगाने कितीही हुबेहूब असली तरी ती फारसे पाणी हलवत नाही आणि खालून पाहणाऱ्याला तिची आकृती बोयीसारखी वाटत नाही.

प्रकरणातील तरुणाच्या घरचा धंदा पर्यटकांना होडीतून खाडी दाखवण्याचा आहे आणि त्याचे काका पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकून मासे मारतात. त्यामुळे पाणी, भांग-उधाण (लहान-मोठ्या भरतीचे दिवस) आणि माशांच्या जागा यांबाबत त्याला कोणी शिकवावे असे काही नव्हते. फ्लाय बांधणे मात्र तो परदेशी व्हिडिओ पाहून शिकला होता. रॉड ९ नंबरचा, लाईन पाण्याच्या पृष्ठभागाखाली सावकाश उतरणारी आणि गळ ३/० मापाचा, अशी त्याची मांडणी होती व ती या कामाला योग्यच होती.

त्याची तक्रार अशी होती की चोणक फ्लायच्या मागे येतो, होडीपर्यंत येतो आणि शेवटच्या क्षणी वळून निघून जातो. त्याच वहाळाच्या तोंडाशी, त्याच सुकतीला, स्पिनिंग रॉडवर रबरी मासा लावणाऱ्यांना मात्र चोणक लागत होते. म्हणजे मासा तिथे होता आणि खाण्याच्या मनःस्थितीतही होता. तरुणाने रंग बदलून पाहिले, लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला तंगूस) बदलला, ओढण्याचा वेग कमी-जास्त केला आणि प्रत्येक वेळी फ्लायमध्ये आणखी थोडे केस घातले. त्याचा परिणाम एवढाच झाला की फ्लाय फेकणे कठीण होत गेले. ९ नंबरच्या लाईनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन प्रमाणानुसार सुमारे १५.५ ग्रॅम असते आणि फ्लाय पुढे नेण्याचे सगळे काम त्या वजनालाच करायचे असते. पाणी पिऊन जड झालेली आणि हवेत अडणारी फ्लाय त्या लाईनला पेलवेना. लाईन वळण्याआधीच फ्लाय खाली पडू लागली.

माझ्याकडे या फ्लाय आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर काकांचे एक मतही आले होते आणि ते मला कोणत्याही तांत्रिक वर्णनापेक्षा नेमके वाटले: ‘सुकी आसताना बोय, नि भिजली काय मांदेली झाली रे झिला!’

तपासणी

भिजलेली फ्लाय पाण्याबाहेर टांगून पाहिली की ती नेहमीच चपटी आणि चिकटलेली दिसते, कारण केसांमध्ये अडकलेले पाणी त्यांना एकमेकांकडे खेचते. ती फ्लाय पुन्हा पाण्यात सोडली की हे खेचणे संपते आणि केस मोकळे होतात. त्यामुळे हातात लोंबणाऱ्या ओल्या फ्लायवरून तिची परीक्षा करू नये. बादलीतल्या स्थिर पाण्यात सोडूनही करू नये, कारण स्थिर पाण्यात जवळजवळ कोणतीही फ्लाय फुललेली दिसते. खरी परीक्षा चालत्या पाण्यात होते. जेटीच्या कडेने दोन हात लीडर धरून चालत जायचे, फ्लाय पृष्ठभागाखाली वीतभर ठेवायची, मध्येच थांबायचे आणि तिच्याकडे वरून पाहायचे. ओढताना फ्लाय थोडी आवळली जाणारच. थांबल्यावर ती पुन्हा उघडते का आणि किती लवकर उघडते, हे पाहायचे असते.

या परीक्षेत तरुणाची फ्लाय ओढताना तर आवळलीच, शिवाय थांबल्यावरही आवळलेलीच राहिली. डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे केस एकमेकांना समांतर पडले होते आणि त्यांना पुन्हा उठवणारे आत काहीच नव्हते.

मग ती फ्लाय ब्लेडने उसवून पाहिली. बकऱ्याच्या केसांचे जाड जाड झुबके गळाच्या नेढ्यामागे जेमतेम नखाएवढ्या जागेत, एकावर एक, टोके मागे करून बांधलेले होते. दोऱ्याचे वेढे भक्कम होते, गाठी स्वच्छ होत्या. हात चांगला तयार होता. पण सर्व साहित्य एकाच जागी दाबले गेल्यामुळे वरचा प्रत्येक थर खालच्या थराला आणखी चपटा करत होता. जितके केस वाढले तितका हा दाब वाढला. म्हणजे फ्लाय बारीक होण्याचे कारण तीत केस कमी असणे हे नव्हतेच.

व्हिडिओत हीच पद्धत चालते आणि इथे चालत नाही, याचे उत्तर केसांच्या जातीत आहे. परदेशात या कामासाठी पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. त्या शेपटीच्या बुंध्याकडचे केस आतून पोकळ असतात. दोरा आवळला की ते दबतात आणि मोकळ्या बाजूने आपोआप बाहेर फाकतात. शेंड्याकडचे केस तुलनेने भरीव असतात आणि फारसे फाकत नाहीत, म्हणून तिथले जाणकार बुंध्याचे केस फुलवण्यासाठी आणि शेंड्याचे केस सडपातळ कामासाठी राखून ठेवतात. बकऱ्याचा केस दोऱ्याखाली असा उमलत नाही. तो दोऱ्याच्या दिशेने निमूट पडून राहतो. हरणाच्या केसांसाठी रचलेली पद्धत बकऱ्याच्या केसांना जशीच्या तशी लावली, तर तिच्यातला फुलवण्याचा भागच गळून जातो आणि उरते ते केवळ भरणे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. हरणाचे केस लागतात म्हणून चितळाचे किंवा सांबराचे केस कुठून तरी मिळवण्याचा विचारही कोणी करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि कायदा नसता तरी एका फ्लायसाठी जंगलाकडे हात पसरणे योग्य ठरले नसते. कोंबडीच्या दुकानातली पिसे, बकऱ्याचे केस आणि बंदरावरचा दोरखंड एवढ्यावर हे काम उत्तम होते, हे या प्रकरणात दिसेलच.

नवी बांधणी

छत्रीचा घेर कापडामुळे दिसतो, पण तो काड्यांमुळे टिकतो. फ्लायमध्येही दिसणारा थर आणि तो उचलून धरणारा थर वेगळे ठेवायला हवेत, एवढे एक सूत्र धरून पुढची बांधणी केली. दिसणारा थर लांब, मऊ आणि विरळ. उचलून धरणारा थर आखूड, ताठ आणि झाकलेला.

मोठ्या फ्लायच्या इतिहासात या सूत्राच्या दोन टोकांची चांगली उदाहरणे आहेत. लेफ्टी क्रे या अमेरिकन गरवणाऱ्यांची डिसीव्हर ही खाऱ्या पाण्यातली बहुधा सर्वांत परिचित फ्लाय. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचे चित्र टपाल तिकिटावर छापले. तिच्यात कोंबड्याची लांब पिसे गळाच्या बाकाजवळ बांधतात आणि पुढे नेढ्यामागे केसांचा गळपट्टा देतात. फेकायला ती सुरेख, कारण पाण्याबाहेर येताच आवळली जाते. मात्र तिचा भरदारपणा मर्यादित असतो. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या किनाऱ्यावर पट्टेदार बास हा मासा मोठमोठ्या मेनहेडन माशांवर जगतो, म्हणून त्यांना मोठ्या माशाची आकृती हवी होती, आणि तरीही ती फ्लाय रॉडने फेकता यायला हवी होती. त्यांनी केस उलटे, म्हणजे टोके पुढे करून बांधले, मग ते मागे लोटले आणि त्यांच्या मुळाशी दोऱ्याचा बांध घातला. केस मागे झुकतात, पण बांधामुळे दांड्याला चिकटत नाहीत आणि आत पोकळी राहते. आपल्या प्रकरणात मुख्य आधार याच पद्धतीचा घेतला.

शेपटीसाठी कोंबड्याच्या मानेची चार लांब पिसे घेतली. पिसांच्या मांडणीला लोक फारसे महत्त्व देत नाहीत, पण भरदारपणाची सुरुवात इथूनच होते. पिसांच्या कुशी, म्हणजे आत वळलेल्या बाजू, एकमेकींकडे वळवल्या तर शेपूट मिटलेली, सडपातळ होते. पाठी एकमेकींकडे केल्या तर पिसे बाहेर फाकतात आणि ओढून थांबल्यावर उघडमीट करतात. इथे पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंना दोन दोन पिसे दिली. लांब शेपूट फेकताना गळाच्या बाकाला गुंडाळली जाऊ नये म्हणून तिच्याखाली जाड नायलॉन तंगूसाचा एक लहान फासा आडवा बांधला. तो पिसांना खालून आधार देतो.

यानंतर दांड्यावर केसांचे चार टप्पे केले. एका टप्प्याची कृती सविस्तर सांगतो, कारण सगळे कौशल्य तिथे आहे. अगरबत्तीच्या काडीएवढ्या जाडीचा केसांचा झुबका घ्यायचा. जास्त घ्यावासा वाटतो, पण घ्यायचा नाही. मुळाकडची लव फणीने काढून टाकायची आणि टोके एका रेषेत न आणता मागेपुढेच राहू द्यायची. सारख्या लांबीने कापलेली टोके पाण्यात ब्रशसारखी दिसतात आणि माशाचे अंग असे कुठेच एकदम संपत नाही. झुबका दांड्यावर ठेवायचा, टोके नेढ्याच्या पुढे. दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे. आता अंगठ्याच्या नखाने झुबका हलकेच खाली दाबत दांड्याभोवती फिरवत न्यायचा, म्हणजे केस सर्व बाजूंना सारखे पसरतात. पसरले की मगच दोरा आवळायचा. मागे उरलेली मुळे तिरपी कापून दोऱ्याने झाकायची.

त्यानंतर रिकाम्या बॉलपेनची नळी नेढ्यावरून दांड्यावर सरकवायची. पुढे झेपावलेले सगळे केस नळीच्या कडेने एकसारखे मागे लोटले जातात आणि गळाभोवती घंटेसारखा घेर तयार होतो. नळी काढताच केस पुन्हा पुढे येऊ पाहतात. ते बोटांनी मागे धरून त्यांच्या अगदी मुळाशी, पुढच्या बाजूने, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हाच बांध. त्याचे वेढे थोडे असतील तर केस जवळजवळ काटकोनात उभे राहतात. वेढे वाढवत केसांच्या मुळांवर चढवत गेले तर ते मागे झुकत जातात. म्हणजे घेर किती ठेवायचा हे साहित्य ठरवत नाही, बांधणाराच ठरवतो. मागच्या टप्प्यांना बांध मोठा आणि केस लांब, पुढच्या टप्प्यांना बांध लहान आणि केस आखूड, असे ठेवले की शेपटीकडे निमुळते आणि खांद्याशी रुंद अंग आपोआप घडते. बोय अशीच असते: डोके रुंद व बोथट, अंग गोलसर, उंची लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि मागे सरळ निमुळती.

दोन टप्प्यांमध्ये दांडा रिकामा सोडला. ही रिकामी जागा पाहून तरुणाला चुटपुट लागली होती, तिथे काहीतरी भरावे असे त्याला वाटत होते. पण पोकळी राहते ती याच जागेमुळे. पाणी तिथून आत-बाहेर जाते, ओढल्यावर पिळून निघते आणि थांबल्यावर परत भरते.

बकऱ्याचा केस हरणाच्या केसापेक्षा मऊ असल्यामुळे दोऱ्याचा बांध एकटा पुरेसा पडला नाही. जेटीवरच्या परीक्षेत मागचे टप्पे चांगले राहिले, पण खांद्याजवळचा, म्हणजे जिथे पाण्याचा जोर सर्वांत जास्त, तिथला घेर दबला. म्हणून पुढच्या दोन टप्प्यांच्या आत ताठ धाग्यांचा आखूड टेकू दिला आणि तो मासेमारीच्या दोरखंडातून मिळाला. पॉलिप्रॉपिलिनचा दोर उसवला की त्याच्या तंतूंमध्ये पिळाची वळणे कायम राहतात. फणीने विंचरल्यावर हे वळणदार तंतू एकमेकांना लागून बसत नाहीत, थोड्या साहित्यात पुष्कळ जागा व्यापतात. नायलॉनचा दोर या कामाला घेऊ नये असे माझे मत आहे. नायलॉन पाणी शोषून थोडा मऊ होतो आणि त्याची घनता १.१४ च्या आसपास, म्हणजे तो बुडतो. पॉलिप्रॉपिलिन जवळजवळ पाणी शोषतच नाही आणि त्याची घनता ०.९ च्या आसपास असल्याने तो तरंगतो. बंदरावर उन्हात पडून पांढुरका झालेला दोर मात्र टाळावा, कारण हे तंतू उन्हाने ठिसूळ होतात. जुनाच घ्यायचा तर आतल्या पदराचे तंतू पाहून घ्यावेत.

हे तंतू बोटाच्या दोन पेरांएवढे कापून, मध्यावर बांधून, दोन्ही टोके मागे दुमडली आणि त्यांच्यापुढेही लहानसा बांध दिला. मध्यावर बांधून दुमडल्यामुळे प्रत्येक तंतूला मुळाशी ताण मिळतो आणि तो दाबला तरी परत उठतो. त्यावर केसांचा घेर आला की टेकू दिसेनासा झाला.

पाठीवर काळपट हिरव्या केसांचा विरळ थर, बाजूंना जरीचे चार-पाच चमकदार धागे, चिकटवायचे मोठे डोळे आणि त्यांवर यूव्ही उजेडाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा पातळ थर, एवढ्यावर काम आटोपले. संपूर्ण फ्लायमध्ये आधीच्या फ्लायपेक्षा स्पष्टपणे कमी केस लागले. हवेत धरून उजेडाकडे पाहिले तर ती आरपार दिसत होती आणि त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती अपुरी वाटावी अशीच होती.

खाडीवरची परीक्षा

नेरूरपारच्या खालच्या अंगाला एका वहाळाच्या तोंडाशी, सुकती चांगली लागल्यावर, फ्लाय पाण्यात सोडली. फेकण्यातला फरक पहिल्याच वेळी जाणवला. पाण्यातून उचलताच आतले पाणी पोकळीतून निथळून गेले आणि हवेत केस मिटल्यामुळे लाईनला ती ओढून नेता आली. पाण्यात पडल्यावर ती पुन्हा फुलली. ओढून थांबल्यावर खांद्याचा घेर उघडताना होडीतूनही दिसत होता.

पण ती सरळ चालत नव्हती. दोन-तीन वेळा ओढली की कुशीवर कलंडे. पॉलिप्रॉपिलिनचे तंतू दांड्याभोवती सर्व बाजूंना सारखे पसरलेले होते, त्यामुळे खालच्या बाजूलाही वर उचलणारे साहित्य आले होते आणि गळाच्या वजनाला फ्लाय सरळ ठेवणे जमत नव्हते. खालचे तंतू कापून फक्त वरच्या अर्ध्या घेरात ठेवले आणि दांड्याच्या मागच्या भागात शिशाच्या तारेचे काही वेढे दिले, तेव्हा ती पोट खाली ठेवून चालू लागली. तंतू फ्लायला भरदार करतात तसे ते तिला उचलतातही. मोठ्या फ्लायमध्ये हे दोन्ही परिणाम एकत्र मोजावे लागतात.

दुसरी अडचण माशानेच दाखवली. पहिला जो मासा फ्लायवर आला तो चोणक नव्हता, तांबोशी होती. तिने जोरात घेतले, लाईन ताणली गेली आणि पुढच्याच क्षणी सुटली. फ्लाय परत आणून पाहिली तेव्हा कारण समोरच होते: पोटाकडचे केस गळाचे टोक आणि दांडा यांच्यामधली मोकळी जागा भरून बसले होते. माशाचे तोंड केसांवर मिटले, टोकापर्यंत ओठ पोहोचलाच नाही. भरदार फ्लाय बांधणाऱ्याने या जागेकडे सर्वांत आधी पाहावे. पोटाचा घेर कमी ठेवून उंची पाठीकडे द्यावी, किंवा मोठ्या कमानीचा गळ घ्यावा. इथे पोटाकडचे केस कात्रीने न छाटता निम्म्याहून अधिक उपटून विरळ केले, म्हणजे खालून दिसणारी आकृती तशीच राहिली आणि टोक मोकळे झाले.

त्यानंतरच्या उधाणाच्या दिवसांत त्या तरुणाला चोणक लागले. मागे येऊन वळून जाणारे मासे अजूनही भेटतात, तसे ते कोणालाही भेटतात. पण होडीजवळ येऊन थबकलेला चोणक, फ्लाय थांबताच ती फुलताना पाहून घेतो, हे आता त्याला पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्याच्या सांगण्यानुसार घास बहुतेक वेळा ओढीच्या मध्ये थांबल्यावरच येतो. म्हणून त्याने ओढी आखूड केल्या आणि थांबणे लांबवले. बांधणी बदलल्यावर ओढण्याची रीतही बदलावी लागते, कारण जी फ्लाय थांबल्यावर जिवंत होते तिला थांबायला वेळ दिला पाहिजे.

मोठा चोणक लागला तर तो सोडून द्यावा, असे मी त्याला आग्रहाने सांगितले आणि त्याच्या काकांना ते पटायला वेळ लागला. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे खाडीतले मोठाले चोणक म्हणजे बहुतेक सगळ्या अंड्यांवर येणाऱ्या माद्या. मधल्या आकाराचा एक घरी न्यावा, मोठी मादी परत पाण्यात जावी, असा व्यवहार त्या घरात आता ठरला आहे.

टिकाऊपणाबाबत थोडे. चोणकाला मोठे दात नसतात, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि ती लीडर कापते, म्हणून फ्लायच्या लगतचा तुकडा ४० ते ६० पौंडांचा हवा. इतक्या जाड तंगूसाला घट्ट गाठ मारली तर फ्लाय ताठ होऊन तिची हालचाल मरते. फासा सैल ठेवणारी गाठ मारावी. परतल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी. चपट्या डबीत दाबून ठेवू नये, कारण मऊ केसांना दाबलेल्या आकाराचीच सवय लागते. त्या तरुणाने प्लास्टिकच्या पाण्याच्या नळीचे वीत-सव्वा वीत लांबीचे तुकडे कापले असून प्रत्येक फ्लाय शेपटीच्या बाजूने आत सरकवून तो ती नळीत ठेवतो. केस मागच्या दिशेला झुकलेले राहतात आणि घेर मोडत नाही.

सध्या त्याचे काम काळुंदराच्या आकृतीवर चालू आहे आणि तो प्रश्न बोयीपेक्षा अवघड आहे. काळुंदराची उंची लांबीच्या निम्म्याहून अधिक, पण अंग दोन्ही बाजूंनी चपटे. तिथे सगळीकडे सारखा घेर उपयोगाचा नाही. केस वर आणि खाली उभे राहिले पाहिजेत आणि कुशींना जवळजवळ काहीच नको. झुबका दांड्याभोवती न फिरवता अर्धा वर आणि अर्धा खाली बांधून, कुशींना दोऱ्याचे वेढे दाबून घेऊन त्याने पहिले नमुने केले आहेत. उंची चांगली येते, मात्र जोराच्या सुकतीत फ्लाय आडवी पडते. पोटाकडचे वजन बाकाजवळून पुढे, दांड्याच्या मध्यावर आणून पाहावे असे मी सुचवले आहे आणि पुढच्या उधाणाला त्याच वहाळावर ते करून पाहायचे ठरले आहे.